पेनड्राइव्हवरची लिनक्स बसवण्याआधी सही तपासा

लातूर-नांदेडच्या कॉलेजांत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमची आयएसओ फाइल (जिच्यातून ती बसवतात ती पूर्ण प्रत) पेनड्राइव्हवरून हातोहात फिरते. इंटरनेटच्या डेटाची बचत होते, त्यात गैर काही नाही. फक्त बसवण्याआधी तपासा. लिनक्सचा मिंट हा प्रकार असेल तर त्याच्या अधिकृत साइटवरून चेकसमची (फाइलमधून गणिताने काढलेल्या ओळख-आकड्यांची) यादी आणि तिची जीपीजी सही, म्हणजे जीपीजी या प्रोग्रामने तपासायची डिजिटल सही, उतरवा. अगदी छोट्या फाइली आहेत, गावाकडच्या रेंजवरही उतरतात. आधी यादीची सही तपासायची, मग आपल्या आयएसओचा चेकसम शा-२५६ या पद्धतीने काढून यादीशी जुळवायचा.

नुसता चेकसम पुरत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी मिंटच्याच साइटवरची लिंक बदलून बॅकडोअर (मशीनमध्ये शिरायची चोरवाट) असलेली आयएसओ लोकांच्या हाती दिली होती. साइट ज्याच्या ताब्यात, तो चेकसमही बदलू शकतो.

खरी मेख किल्लीत, म्हणजे सही जिच्या आधारे तपासतात त्या डिजिटल किल्लीत, आहे. जीपीजीने ‘गुड सिग्नेचर’ दाखवलं म्हणजे सही त्या किल्लीची, एवढंच. किल्ली मिंटवाल्यांचीच आहे का, हे तुम्हाला पाहावं लागतं. तिचा ४० अक्षरी फिंगरप्रिंट (किल्लीची ओळख) दुसऱ्या विश्वासू ठिकाणाहून मिळवून पूर्ण जुळवा. शेवटची आठ अक्षरं सारखी असलेली बनावट किल्ली तयार करता येते, म्हणून तेवढ्यावर थांबू नका.

जुळलं नाही तर फाइल बसवू नका, आणि जिच्याकडून-ज्याच्याकडून आली त्यांनाही लगेच सांगा; त्यांच्या मशीनवर ती आधीच बसलेली असू शकते.