नगरपरिषदेच्या ठरावात हिप हॉपला जागा कशी मिळवावी

कोकणातल्या छोट्या शहराचं सांस्कृतिक धोरण तीन कागदांत सापडतं: सभागृहाचं दरपत्रक, सर्वसाधारण सभेचे ठराव आणि अंदाजपत्रक. हिप हॉप म्हणजे रॅप, ब्रेकिंग (जमिनीवर करायचं नृत्य), बीटबॉक्स (तोंडाने काढलेला ताल) आणि ग्राफिटी (भिंतीवरची चित्रं). हे करणाऱ्या पोरांना याच कागदांत शिरायचं आहे.

1. आधी कागद मागवा. सप्टेंबरात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. गेल्या तीन वर्षांत सांस्कृतिक कार्यक्रमांवर कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या खात्यातून) किती खर्च झाला, सभागृहाचं भाडं किती आणि सवलत कोणाला मिळाली, एवढंच विचारा. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येतं.

2. मागणी एका पानात बसवा. ‘हिप हॉपला प्रोत्साहन द्यावे’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. ‘दर मंगळवारी व शुक्रवारी 5 ते 8 सभागृह सरावासाठी सवलतीत द्यावे’ यावर करू शकतो. कारणही लिहा: जून ते सप्टेंबर उघड्यावर सराव होत नाही आणि खरखरीत काँक्रीटवर ब्रेकिंग करताना कोपरं सोलवटतात. ग्राफिटीसाठी भिंत मागताना गिलावा केलेलीच मागा. उघडा चिरा (जांभा दगड) रंग पितो आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. काम पाऊस सरून भिंत सुकल्यावरच सुरू करा, तेही लेखी परवानगी हातात आल्यावर. नाहीतर 1995 च्या मालमत्ता विद्रूपण कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

3. जाखडीवाल्यांना, म्हणजे कोकणातल्या या लोकनृत्याच्या मंडळांना, सोबत घ्या. जाखडीतल्या शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब ऐकलेल्या माणसाला रॅप बॅटल (दोन रॅपरांचा समोरासमोरचा सामना) समजावून सांगावी लागत नाही. या मंडळांना परवानग्यांची वाट ठाऊक असते, आणि संयुक्त निवेदनाला वजन येतं. ‘रॅपमध्ये शिव्या असतात’ हा आक्षेप हमखास निघणार. पालिकेच्या मंचावर गायची गाणी आधी लिहून द्या. लोकांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या मंचासाठी ही अट आम्हाला रास्त वाटते. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीतलं एखादं गाणं त्यात जरूर असू द्या.

4. नोव्हेंबरअखेर निवेदन द्या. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होतं. जानेवारीत गेलात तर आकडे जवळजवळ ठरलेले असतात. निवेदन मुख्याधिकारी आणि नगराध्यक्षांच्या नावे द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या आणि प्रभागातल्या नगरसेवकांकडून विषय विषयपत्रिकेवर आणवा. ठरावाची प्रत मिळाली की नीट वाचा. ‘तत्त्वतः मान्यता’ लिहिलंय पण रक्कम आणि लेखाशीर्ष नाही, तर पैसा येणार नाही. पुढच्या सभेत दुरुस्ती मागा.

गावात हेच काम ग्रामसभेत होतं. गणपूर्तीला (कोरमला) 15 टक्के किंवा 100 मतदार, यांतली कमी संख्या लागते. मुंबईच्या मतदार यादीत नाव असलेले चाकरमानी त्यात मोजले जात नाहीत. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. म्हणून माणसं आधीच जमवा.

कार्यक्रम संध्याकाळी 6 ते 9 ठेवा. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. मध्यरात्रीपर्यंतची सूट वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस असते आणि त्यातले बरेचसे गणपती-नवरात्रात जातात.

सवलत मिळाली की पहिल्या आठवड्यापासून हजेरीची वही ठेवा: तारीख, वेळ, किती जण आले. सभागृह रिकामं राहतंय असं दिसलं तर सवलत काढून घेणं सोपं होतं, आणि पुढच्या वर्षी रक्कम वाढवून मागताना हीच वही टेबलावर ठेवायची असते.