जुन्या गाडीच्या एम्ब्लेमला रंग भरताय? या चुका टाळा

गाडीची बॉडी झाली, क्रोम झालं, आणि बॉनेटवरचा बॅज तेवढा टवके उडालेला राहिला की हात शिवशिवायला लागतात. बारीक ब्रश आहे, लाल रंगाची डबी आहे, दहा मिनिटांचं काम. बहुतेक बॅज या दहा मिनिटांतच वाया जातात.

माझा पहिला असाच गेला. स्टीअरिंगच्या मधलं हॉर्नचं बटण होतं, पारदर्शक प्लॅस्टिकचं, आतमध्ये कंपनीचं चिन्ह. लाल मळकट दिसतोय म्हणून मी वरून ऍसिटोनने जोर लावून पुसलं आणि बघता बघता अख्ख्या बटणावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या, आणि मग कळलं की रंग वरून नव्हताच, तो मागच्या बाजूने भरलेला होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

त्यामुळे डबी उघडायच्या आधी बॅज कशाचा आहे आणि रंग नेमका कुठे बसलाय ते बघा. बरेच जुने बॅज जस्ताच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असतात, वर क्रोम आणि खोलगट भागात साधा रंग. काही त्याहून जुने तांब्या-पितळेचे, त्यात खरा मीना म्हणजे भाजलेली काच. काही माझ्या बटणासारखे प्लॅस्टिकचे. मीना सुईने टोचला तरी दाद देत नाही आणि त्याचा टवका काचेसारखा तुटतो, रंगाची मात्र पापडी निघते. अजून एक सोपी खूण आहे. मीना भाजायला साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअस लागतात आणि जस्त ४२० च्या आसपासच वितळतं, म्हणजे जस्ताच्या बॅजवर कोणी "ओरिजनल काचेचा मीना आहे" म्हणालं तर नुसतं हसा. मीन्याचा टवका उडाला असेल तर तिथे ऑइल पेंट बसका आणि मेलेला दिसतो, रंग मिसळलेलं पारदर्शक इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य) भरलं तर बरंच जुळतं.

शेड जुळवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॉडीचा कलर कोड घेऊन बॅजचा रंग शोधणं. बॅजचा रंग वेगळा असतो, त्याचा बॉडीशी संबंध असेलच असं नाही. दुसरी चूक, जो भाग वर्षानुवर्षं उन्हात होता त्याच्याशी जुळवणं. लाल तर उन्हाने हमखास उडतो. बॅज काढल्यावर कडेच्या पट्टीखाली किंवा एखाद्या अक्षराच्या कोपऱ्यात न उडालेला रंग सापडतो, खरी शेड ती. पण गाडीवर बाकीचे तीन बॅज फिकट आणि एकच लालभडक असेल तर तो नकली दातासारखा दिसतो, तेव्हा सगळे करणार की एकच हे आधी ठरवा. एकच करायचा असेल तर मी सरळ फिकट शेड मिसळतो, ओरिजनलवाले काही का म्हणेनात.

आणि पांढऱ्या कागदावर टेस्ट करू नका. बऱ्याच बॅजचा लाल-निळा रंग पारदर्शक असतो, खालची धातू त्यातून चमकते, म्हणून तर तो रत्नासारखा दिसतो. तिथे घट्ट लाल भरला की संपलं. मॉडेल बनवणारे वापरतात ते क्लिअर रेड, क्लिअर ब्लू घ्या (तामियाचे एक्स-२७ आणि एक्स-२३ हेच), जुन्या चमच्यावर एक, दोन, तीन हात देऊन वाळू द्या, मग उन्हात, सावलीत आणि ट्यूबलाइटखाली बॅजशेजारी धरून बघा. ट्यूबखाली तंतोतंत जुळलेली शेड उन्हात चक्क वेगळी निघते, असं खूपदा होतं.

बॅज काढताना स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मागच्या जस्ताच्या खुंट्या पटकन मोडतात. चिकटवलेला असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून मासेमारीची दोरी करवतीसारखी मागून ओढा. सुटा रंग कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, ओलं करून घासा. भांड्यांचा साबण आणि टूथब्रशने कोपऱ्यातलं पॉलिश काढा, कारण पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं की नवा रंग माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं सोडतो. क्रोमवर फोड आलेत आणि आत पांढरी भुकटी दिसतेय तर तो जस्ताचा गंज आहे, त्यावर कितीही छान रंग द्या, फुगून वर येणारच.

आता भरणं. ब्रशने सारवू नका. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या, खाचेच्या मधोमध सोडा आणि त्याला स्वतःहून कडेपर्यंत पळू द्या. बॅज टेबलावर सपाट हवा, गाडीवरच भरलात तर सगळा रंग खालच्या कडेला गोळा होतो. एका दमात काठोकाठ भरू नका, वर साय धरते, आत ओलंच राहतं आणि मग सुरकुत्या. पातळ दोन-तीन हात, ऑइल पेंट असेल तर मध्ये एकेक दिवस.

क्रोमच्या कडांवर रंग सांडणारच, त्याचं टेन्शन नको. गडबड होते ती पुसताना. कापसाचा बोळा खाचेत शिरतो आणि भरलेला रंग उपसून आणतो. त्यापेक्षा खोडरबरावर जुन्या सुती शर्टाचा तुकडा ताणून गुंडाळा, टर्पेंटाइनने जेमतेम ओला करा आणि उंच कडांवरून एकाच दिशेने फिरवा, प्रत्येक वेळी कापडाची नवी जागा. बोटाला चिकटत नाही पण नख रुततं, इतपत रंग वाळला की ही वेळ.

बुडबुडे आले तर डबी जोरात हलवलीय, ओला असतानाच सुईने फोडा. रंग कडांपासून आत सरकला तर तेलकटपणा राहिलाय, पुसून पहिल्यापासून. वरून क्लिअर म्हणजे पारदर्शक संरक्षक थर मारल्यावर रंग आकसला तर ऑइल पेंटवर लॅकर, म्हणजे तीव्र थिनरचा क्लिअर, मारलाय, आता खरवडण्याशिवाय इलाज नाही. खरं तर क्लिअरची गरज फारशी नसतेच, क्रोमवर तो पुढे पिवळा पडून सोलतो.

परत बसवताना नट हाताने फिरेल तेवढाच, वर अगदी पाव फेरा. आणि पॉलिशचा डबा महिनाभर बॅजजवळ आणू नका.