बँकेच्या लिलावात फ्लॅट घेताना: आधी ताब्याचा रकाना वाचा

लिलावातला फ्लॅट बाजारभावापेक्षा वीस टक्के स्वस्त पडतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या घराची किल्ली कुणाकडे आहे, हे मात्र त्यांतलं कुणीच सांगत नाही. गेल्या नऊ वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मी घरच्यांसाठी पाच फ्लॅट बँकांच्या लिलावातून घेतले. पहिल्याच फ्लॅटच्या किल्लीसाठी चौदा महिने थांबावं लागलं. म्हणून इथे बाकीचं थोडक्यात सांगते आणि ताब्याबद्दल सविस्तर.

२००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला दिवाणी कोर्टात न जाता तारण ठेवलेली मालमत्ता विकता येते. कर्ज थकलं की कलम १३(२) ची नोटीस निघते आणि कर्जदाराला ६० दिवस मिळतात. पैसे भरले गेले नाहीत, तर बँक १३(४) खाली ताबा घेते आणि लिलावाची नोटीस काढते. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची मुदत द्यावी लागते. जाहिराती वर्तमानपत्रांत येतात, सरकारी बँकांच्या मालमत्ता बँकनेट पोर्टलवरही दिसतात.

कागदपत्रं नेहमीसारखीच: तीस वर्षांचा सर्च (मालकी आणि बोज्यांच्या नोंदींचा शोध), इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा पत्र. सर्च तुमच्या वकिलाकडून करून घ्या. बँकेच्या वकिलाचा अहवाल बँकेच्या सोयीसाठी असतो.

थकबाकी स्वतः जाऊन काढा. नोटिशीत ‘जशी आहे, जिथे आहे’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे मागचं ओझं बहुधा तुमच्याच माथी येतं. मालमत्ता कर हा कायद्याने त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असतो आणि पुण्यात थकलेल्या करावर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकून आकडा बघा. वीजबिल ग्राहक क्रमांकावरून कळतं. मेंटेनन्ससाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना प्रत्यक्ष भेटा. फोनवर ‘थोडंफार असेल’ असं ऐकलेलं पुढे पावणेदोन लाख निघालेलं मी पाहिलं आहे.

आता ताबा. लिलावाच्या नोटिशीत एका रकान्यात ‘प्रत्यक्ष’ किंवा ‘सांकेतिक’ असं लिहिलेलं असतं. काही ठिकाणी ‘प्रतीकात्मक’ हा शब्द येतो, अर्थ तोच. प्रत्यक्ष म्हणजे घर रिकामं आहे आणि कुलूप बँकेचं आहे. सांकेतिक म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, पेपरात छापली आणि आत कर्जदाराचं कुटुंब अजून राहतंय.

माझ्या पहिल्या नोटिशीत ‘सांकेतिक’ असं स्पष्ट छापलेलं होतं. मी बँकेत विचारलं, तर ‘मॅडम, दोन महिन्यांत देतो’ असं उत्तर मिळालं. तोंडी. मी विश्वास ठेवला आणि सगळे पैसे मुदतीत भरले. नंतर कळलं, की प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जो अर्ज करावा लागतो, तो बँकेने केलेलाच नव्हता. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. कायद्यात आदेशासाठी ३० दिवस आणि कारणं नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवस अशी मुदत आहे, पण ती उलटली म्हणून अर्ज रद्द होत नाही, तो नुसता पडून राहतो. आदेश निघाल्यावरही तो अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्याची तारीख हवी आणि त्याच दिवशी पोलीस बंदोबस्तही हवा. आमची एक तारीख गणेशोत्सवात गेली, दुसरी निवडणुकीत.

हिशेब मांडून बघा. ६० लाखांचा फ्लॅट ४८ लाखांना मिळाला, म्हणजे १२ लाख वाचले असं वाटतं. ४८ लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याला ३६,००० रुपये व्याज धरा, स्वतःचं घरभाडं १८,००० धरा. चौदा महिन्यांत ७ लाख ५६ हजार गेले. उरले ४ लाख ४४ हजार, त्यातून सोसायटी आणि कर फेडायचा.

म्हणून बोली लावण्याआधी बँकेच्या अधिकृत अधिकाऱ्याला ईमेल करा आणि लेखी उत्तर मागा: कलम १४ चा अर्ज केला आहे का, त्याचा क्रमांक काय, आदेश झाला आहे का? कर्जदाराने डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागितली आहे का? घरात भाडेकरू आहे का, असल्यास त्याचा करार नोंदणीकृत आहे का आणि तो तारणाच्या आधीचा आहे की नंतरचा? डीआरटीच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावाने स्वतःही शोधा. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा तारण सोडवण्याचा हक्क संपतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही विक्रीलाच आव्हान देऊन स्थगिती मागता येते आणि ती मिळाली की तुमचे पैसे अडकतात.

कलम १४ चा आदेश झालेला नसेल, तर पहिल्यांदा लिलावात उतरणाऱ्याने ते घर सोडून द्यावं, असं माझं ठाम मत आहे. ‘कर्जदाराला थोडे पैसे देऊन मोकळं करून घेऊ’ हा एजंटांचा सल्ला तर अजिबात ऐकू नका. त्या दारावर स्वतः जाऊ नका, कुणाला पाठवू नका. आत माणसं राहतात, मुलांच्या शाळा असतात, म्हातारी आई असते. त्यांना बाहेर काढण्याचा अधिकार तुम्हाला नाही. ते काम आदेशानेच व्हायला हवं.

लिलाव ऑनलाइन होतो. अनामत बहुधा राखीव किमतीच्या, म्हणजे बँकेने ठरवलेल्या किमान किमतीच्या १० टक्के असते. बोली जिंकलात, तर अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत भरायचे, उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत वाढवून मिळाली तरी एकूण तीन महिन्यांपलीकडे जात नाही. पैसे चुकले, तर भरलेली रक्कम जप्त होते. पूर्ण २५ टक्के जप्त झालेल्या खरेदीदाराला सर्वोच्च न्यायालयातही २०२४ मध्ये दिलासा मिळाला नाही. तेव्हा गृहकर्जाची मंजुरी हातात आल्याशिवाय बोली लावू नका. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल, तर १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावे भरायचा आयकर, रकमेतून कापायचा. तो कुणाच्या पॅनवर, हे बँकेकडून लेखी घ्या.

पूर्ण पैसे भरल्यावर विक्री प्रमाणपत्र मिळतं. त्यावर मुद्रांक शुल्क भरून नोंदणी करा.

ताब्याच्या दिवशी पंचनामा होतो. आतल्या प्रत्येक वस्तूची यादी आणि व्हिडिओ करून घ्या. सामान मागे राहिलं, तर ते बँकेच्या जबाबदारीवर आहे असं पंचनाम्यात लिहून घ्या, नाहीतर पुढे दागिन्यांची तक्रार तुमच्यावर येऊ शकते. मीटरचा फोटो काढा, ताबा पावतीवर अधिकाऱ्याची सही आणि शिक्का घ्या आणि कुलूप त्याच दुपारी बदला. सोसायटीकडे सभासदत्वाचा अर्ज दुसऱ्या दिवशी द्या आणि पोच घ्या.