स्टारड्यू व्हॅली या व्हिडिओ गेममध्ये गावकऱ्यांशी लवकर गट्टी जमवायची तर

रोज भेटवस्तू वाटूनही मैत्री दाखवणारी हृदयं भरत नाहीत? एका गावकऱ्याला आठवड्यात दोनच भेटवस्तू चालतात. त्यामुळे वाढदिवस गाठा. त्या दिवशीच्या भेटवस्तूचे गुण 8 पट धरले जातात. अत्यंत आवडती वस्तू दिलीत तर एरवीच्या 80 गुणांऐवजी 640 मिळतात, आणि एक हृदय 250 गुणांचं. म्हणजे एका फटक्यात दोनहून जास्त!

1. पियरच्या दुकानाबाहेरची दिनदर्शिका ऋतूच्या पहिल्याच दिवशी बघा.
2. त्या ऋतूत वाढदिवस असलेल्यांच्या आवडीच्या वस्तू पेटीत बाजूला ठेवा. (विकायचा मोह होतोच.)
3. एरवी रोज नुसतं बोललात तरी 20 गुण.

मात्र वाढदिवसाला नावडती वस्तू दिलीत तर नुकसानही 8 पट. आवड माहीत नसेल तर त्या दिवशी प्रयोग नको.