पात्याआधी मूठ : घडीचा चाकू घ्यायला निघण्यापूर्वीची तयारी

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाच्यानं चार चाकूंचे फोटो पाठवले आणि खाली विचारलं, "मावशी, यातला कुठला घेऊ?" यंदाच्या पावसाळ्यात इंदूरच्या आसपास जानापाव, चोरल, मांडू असं आमच्याबरोबर हिंडायचं त्याचं ठरलंय. चारही फोटोंत पातं चमकत होतं. मूठ मात्र कुठे अर्धीच दिसत होती, कुठे बोटांखाली झाकलेली. मी कळवलं, आधी मुठींचे फोटो पाठव, मूठ सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम पदार्थाचीच हवी, पात्यांचं मग बघू. आणि दुकानात जाण्याआधी काय काय करून ठेवायचं ते त्याच्यासाठी लिहायला बसले.

आधी मूठच का, ते सांगते. आपली मराठी घरं विळीवर वाढलेली. विळीचं पातं जागचं हलत नाही, पाट पायाखाली दाबलेला असतो आणि भाजीच दोन्ही हातांनी पात्याकडे जाते. विळीला मूठच नाही. त्यामुळे धार कशी बघावी हे आपल्याला आजीपासून ठाऊक असतं, पण मूठ कशी बघावी हे कुणी शिकवलेलं नसतं. अडकित्त्याला दांडे असतात, पण ते दाबायचे असतात, धरून ओढायचे नसतात. म्हणून आपल्यातला माणूस चाकू घ्यायला गेला की अंगठा पहिल्यांदा धारेवरून फिरवतो.

मीही तेच केलं होतं. जानापावच्या चढावर पाऊस भुरभुरत होता आणि वाटेत घेतलेली बालम काकडी मी चिरायला घेतली. चाकू नवा होता, लाल गुळगुळीत प्लास्टिकची मूठ. काकडीचा रस, पावसाचं पाणी, हात आधीच ओला. जाड सालीत पातं अडकलं, मी जोर केला आणि मूठ तळव्यातल्या तळव्यात फिरली. तर्जनी पुढे घसरून पात्याच्या मुळाशी आली. तीन टाके पडले, बोट महिनाभर नीट मिटत नव्हतं. पात्यात काही खोट नव्हती, ते छानच कापत होतं. चूक माझ्या निवडीची होती.

तेव्हा पहिली तयारी घरातच करायची. शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी काढून चार बोटं जुळवून तळव्याची रुंदी मोजा. माझी साडेसात सेंटिमीटर भरते, भाच्याची नऊ. मूठ यापेक्षा किमान दीड सेंटिमीटर लांब हवी, नाहीतर करंगळी लोंबकळते आणि सगळा जोर तीन बोटांवर येतो. स्विस आर्मी चाकूंचा ठरलेला ९१ मिलिमीटरचा आकार माझ्या हाताला बरोबर बसतो. भाच्याला ११० च्या आसपास बघावं लागेल. चावीच्या जुडग्याला लावतात तो ५८ मिलिमीटरचा चाकू दोरा तोडायला आणि पाकिटं फोडायला ठीक आहे, काकडीला नाही. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण काउंटरवर दहा चाकू मांडले की अंदाज चुकतो.

दुसरं, काय कापणार ते मनाशी पक्कं करा. फळं, भाकरीबरोबरचा कांदा, सुतळी, खोकी, औषधाच्या पट्ट्या, एवढंच असेल तर सहा ते आठ सेंटिमीटरचं पातं पुष्कळ झालं. मांडूला खुरासानी चिंचेची, म्हणजे गोरखचिंचेची फळं विकायला असतात, वरून मखमली आणि आत लाकडासारखी टणक कवटी. ती चाकूच्या टोकानं उचकटायला जाणारी माणसं मी दर वर्षी बघते. ते काम दगडाचं आहे. घडीच्या चाकूचं टोक तिथे मोडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पातं जिथे मुठीत वळतं तो सांधा ढिला होतो आणि ते नंतर भलत्या वेळी कळतं.

कायद्याचंही आधीच बघून घ्या. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या वर्गात येतात. घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. तरी बटण दाबताच झटक्यात उघडणारा रामपुरी ढंगाचा चाकू घेऊच नका. फळं कापायला त्याची गरज नाही आणि पोलिसांना समजावता समजावता दिवस जातो. शहरात कलम १६३ चे, म्हणजे पूर्वीच्या १४४ चे, आदेश लागू असतील तेव्हा चाकू घरीच राहू द्या. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावा लागतो.

आता मूठ. सिंथेटिकच का, असं भाच्यानं विचारलं होतं. लाकडाची मूठ मला मनापासून आवडते. पण माळव्याच्या पावसात लाकूड फुगतं आणि पातं खाचेत असं घट्ट बसतं की नखानं निघत नाही. शिंगाची, हाडाची मूठ मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात तडकते. ज्याला चार महिने ओल्या पिशवीत राहायचंय, त्याला न फुगणारं, न तडकणारं अंग हवं.

पण सिंथेटिक म्हणजे एकच काही नव्हे, आणि दुकानदार सगळ्याला "फायबर" म्हणतो. म्हणून चार जाती घरातल्या वस्तूंवरून ओळखून ठेवा. पहिली एबीएस आणि तिच्यासारखी चकचकीत प्लास्टिकं. एबीएस म्हणजे हेल्मेटच्या कवचाचं प्लास्टिक. स्विस चाकूंच्या लाल मुठीचं सेलिडॉर वेगळं, पण हाताला तसंच गुळगुळीत लागतं. दिसायला सुंदर, हलकं, स्वस्त, मात्र ओल्या हातात घसरतं. शिवाय या दोन्हींना नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन चालत नाही. मी एकदा मुठीवरचं किमतीचं लेबल काढायला नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला. लेबल निघालं, पण खालची चकाकी धुरकट झाली आणि बोटाचा ठसा कायमचा उमटला. लेबल काढायला खोबरेल तेलाचा थेंब पुरतो.

दुसरी जात काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची. ड्रिल मशिनचं अंग बहुधा याचंच असतं, म्हणजे आपटणं, धूळ, घाम हे सगळं झेलायला बनवलेलं. साच्यात ओतताना त्यावर खवले, रेघा, दाणे हवे तसे उठवता येतात, त्यामुळे पकड चांगली मिळते. हातात घेतल्यावर पोकळ आणि स्वस्त वाटतं म्हणून लोक नाक मुरडतात. पहिल्यांदा चाकू घेणाऱ्याला मी हेच घ्यायला सांगते. फक्त फिकट रंगाचं नको. खंडेनवमीला आमच्याकडे विळी, कात्री, पाना यांच्याबरोबर चाकूही पूजेत मांडतात, आणि पांढऱ्या मुठीवर पडलेलं हळदीचं बोट माझ्या बहिणीच्या चाकूवरून अजून गेलेलं नाही.

तिसरी जी-१०. काचेच्या कापडाचे थर इपॉक्सी राळेत भिजवून उष्णता आणि दाबाखाली एकजीव केलेला पत्रा. मोबाइल किंवा टीव्ही उघडल्यावर आत जी हिरवी सर्किटची पाटी दिसते, ती याच्याच सख्ख्या भावंडाची. पाणी पीत नाही, उन्हात वाकत नाही, अॅसिटोनला भीक घालत नाही. कडेला नीट बघितलंत तर थरांच्या बारीक रेघा दिसतात. "जी-१०" म्हणून साधं प्लास्टिक गळ्यात मारत असतील तर या रेघांवरून बऱ्याचदा कळतं. त्याचा खरखरीतपणा ओल्या हातात वरदान असतो, पण पँटच्या खिशाची कड वर्षभरात झिजवतो. घरी कानस मारून तो कमी करायला जाऊ नका. त्या भुकटीत काच असते, ती श्वासातून आत जायला नको.

चौथी मिकार्टा. कुकरची काळी मूठ आठवा. ती फेनॉलिक राळेची, म्हणजे बेकेलाइटच्या कुळातली. बेकेलाइट लिओ बेकलँडनं १९०७ साली बनवलं. कुकरची मूठ न तापण्यात पक्की, पण फरशीवर पडली की तुकडा उडतो. त्याच कुळातल्या राळेत सुती कापडाचे किंवा कागदाचे थर दाबून बसवले की मिकार्टा होतं, आणि मग ते सहजी फुटत नाही. हाताचं तेल पिऊन ते हळूहळू गडद होतं, आणि ओलं झाल्यावर उलट जास्त धरतं. माझ्या हातात आज हेच आहे. बजेट असेल तर यासारखं दुसरं नाही असं माझं मत.

मुठीवर मऊ रबरासारखा थर दिलेले चाकू दुकानात हाताला फार सुखद वाटतात. आपल्या उष्ण, दमट हवेत तो थर काही वर्षांत चिकट होतो आणि खिशातली धूळ, धागे, सगळं त्याला चिकटतं. मी टाळते.

दुकानात जाताना पाण्याची छोटी बाटली, हातरुमाल आणि डबीत चार थेंब गोडंतेल घेऊन जा. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दुकानदार "मैडम, कागज काटके देखो ना" म्हणत राहिला. मी म्हटलं, कागद नंतर. चाकू मिटलेलाच राहू द्यायचा, हात ओला करायचा, मूठ घट्ट धरायची आणि दुसऱ्या हातानं तिला पिळायचा प्रयत्न करायचा. मग तेलाचं बोट लावून पुन्हा. तळव्यात फिरली तर तो चाकू परत ठेवायचा, पातं कितीही नावाजलेलं असो. फिरली नाही तर पुढचं बघायचं, तर्जनी पुढे घसरू नये म्हणून मुठीला खाच किंवा उंचवटा आहे का. मला झालेली जखम त्या एका उंचवट्यानं टळली असती. रुमालानं पुसून परत दिलंत की कुणी रागावत नाही.

मग मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून बघा. आत धातूची पट्टी असेल तर ती दबत नाही. नुसतं पातळ प्लास्टिक असेल तर आत जाते, आणि ती मिटलेल्या पात्याला घासेल. जाड नायलॉनच्या काही मुठी पट्टीशिवायही मजबूत असतात, तेव्हा दबतं की नाही तेच बघायचं. सांधा रिव्हेटचा की स्क्रूचा तेही पाहा. स्क्रू असेल तर घट्ट करता येतो, साफ करता येतो. रिव्हेट ढिलं झालं की कारागीर शोधत फिरावं लागतं.

लॉक. उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून आत जी पट्टी किंवा खटका असतो तो "खट" असा स्पष्ट आवाज करून बसला पाहिजे. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून, पात्याच्या पाठीवर दुसऱ्या तळव्यानं हलका दाब द्या. जरा जरी मिटू लागलं तरी नको. डावखुऱ्यांनी लॉक डाव्या अंगठ्यानं उघडून बघावं, बरीच लॉक उजव्या हातासाठीच केलेली असतात. स्विस चाकूच्या नेहमीच्या आकारात लॉक नसतं, नुसती स्प्रिंग असते. तो चिरायला चांगला, टोचायला नाही.

पोलादाबद्दल थोडक्यात सांगते. पावसाळ्यासाठी स्टेनलेस घ्या. कार्बन स्टील सुरेख धार घेतं, पण कैरी, लिंबू कापून न पुसता ठेवलं तर तासाभरात काळे डाग पडतात. रंग? भगवा किंवा पिवळा. काळी आणि हिरवी मूठ गवतात पडली की सापडत नाही, आमच्या गटानं असे दोन चाकू चोरलला कायमचे ठेवलेत.

बजेटमध्ये धारेच्या दगडाचे पैसे आधीच वेगळे काढा, आणि बिल मागून घ्या. घरी आणल्यावर कोमट साबणपाण्यानं धुवा, सांध्यात पाणी राहणार नाही असा उघडून वाळवा आणि सांध्यात एक थेंब लिक्विड पॅराफिन सोडा, औषधांच्या दुकानात मिळतं. तिथे खोबरेल नको. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि इंदूरच्या डिसेंबरात सकाळी पातं उघडायला गेलात की सांधा मेणासारखा जड लागतो. चाकू स्कूटरच्या डिकीत उन्हाळाभर ठेवू नका, गॅसजवळही नको.

पिशवीत चाकूशेजारीच गॉजची पट्टी आणि चिकटपट्टी ठेवा. कुणाला चाकू द्यायचा तर मिटून द्या, किंवा आजी म्हणायची तसा खाली ठेवा आणि समोरच्याला उचलू द्या.

भाच्यानं काल मुठींचे फोटो पाठवले. दोन चकचकीत, एक रबराची, एक भगव्या नायलॉनची, बोटाशी उंचवटा असलेली, १०९ मिलिमीटर. रविवारी पाण्याची बाटली घेऊन आम्ही दोघं जातोय.