म्युनिकहून साल्झबर्गला एका दिवसात जाऊन यायचंय? आधी पासपोर्ट बॅगेत टाका

विंटर सेमिस्टरला नवीन आलेली पोरं ऑक्टोबर संपायच्या आत एकदा तरी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला जातातच, म्हणून आत्ताच लिहून ठेवतेय. पासपोर्ट घ्या. ओरिजिनल. झेरॉक्स नाही, फोनमधला फोटो नाही, पीडीएफ नाही.

कपडे, चार्जर, पाण्याची बाटली हे कुणी सांगायला नको. पासपोर्टचं सांगावं लागतं, कारण आपलं डॉइचलांडटिकीट (जर्मनीभर चालणारा महिन्याचा पास) साल्झबर्ग स्टेशनपर्यंत चालतं, आरई ५ या रिजनल गाडीत बसलं की दोनेक तासांत पोचतो, मधे सालाख नदीचा पूल लागतो आणि तिथे देश बदलला हे खिडकीतून कळतसुद्धा नाही, त्यामुळे आपण दुसऱ्या देशात चाललोय हे डोक्यातच येत नाही. मागच्या वर्षी माझ्याही आलं नाही. जाताना कुणी विचारलं नाही. येताना रात्री फ्राइलासिंगला, म्हणजे सीमेलगतच्या जर्मन स्टेशनला, गाडी थांबली, पोलिस चढले, मी बिनधास्त रेसिडेन्स परमिटचं कार्ड काढून दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि पासपोर्ट मागितला. तो होता हॉस्टेलच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, आनमेल्डुंगच्या (पत्ता नोंदणीच्या) कागदांखाली, आणि रूमची किल्ली माझ्या खिशात, म्हणजे शेजारच्या मैत्रिणीला फोटो पाठव म्हणायचीही सोय नाही. मला खाली उतरवलं, बरोबरचे सगळे त्याच गाडीने पुढे गेले. अडीच तास बाकावर बसून होते, फोनला सहा टक्के बॅटरी, सकाळी आठला लॅब. वागले नीट, आवाजही चढवला नाही कुणी, शेवटी सोडलं. पण ते अडीच तास तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला येऊ नयेत.

नीट समजून घ्या, कार्ड आहे तुमच्या जर्मनीत राहण्यासाठी. सीमा ओलांडताना कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही लागतात, जोडीने. 'शेंगेनमध्ये (एरवी सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) कोण बघतंय' असं सिनियर सांगतील, ऐकू नका. ऑस्ट्रियाच्या बाजूला २०१५ पासून तपासणी आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून तर जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर सुरू केलीये. आणि ज्यांचा व्हिसा संपलाय, कार्ड अजून आलेलं नाही, हातात नुसतं फिक्शनचं पत्र (कार्ड येईपर्यंतचा तात्पुरता कागद) आहे, त्यांनी आधी आउसलेंडरबेहोर्डंला, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसला, विचारल्याशिवाय जाऊच नका. त्या पत्राचे प्रकार असतात आणि सगळ्यांवर परत आत येता येत नाही.

तिकीट. डॉइचलांडटिकीट जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालंय, ते फक्त रिजनल गाड्यांना चालतं, त्याच रुळावरून रेलजेट आणि युरोसिटी या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात त्यात चढू नका. ते नसेल तर चार-पाच जणांत बायर्न टिकीट (बायर्न राज्याचं एका दिवसाचं ग्रुप तिकीट) स्वस्त पडतं, तेही साल्झबर्गपर्यंत चालतं, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी नाही.

हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड घ्या, सरकारी इन्शुरन्स असेल तर मागची बाजू युरोपियन कार्ड असते, ऑस्ट्रियात चालते. आणि पासपोर्ट घेतलात का? नसेल तर आत्ता उठा, ठेवून या बॅगेत, मग पुढचं वाचा.

खाणं शनिवारीच बघून ठेवा, रविवारी इथेही दुकानं बंद आणि तिथेही, स्टेशनातलं एखादं उघडं असतं तिथे ही रांग. मी धपाटे आणि दाण्याची चटणी नेते, दिवसभर टिकतं, नदीकाठी बसून खाता येतं. पाण्याच्या बाटल्या इथल्या असतील तर रिकाम्या परत आणा, डिपॉझिटचे २५ सेंट तिथलं मशीन देत नाही. टॉयलेटसाठी सुटी नाणी.

फिरताना स्टेशनवरून आधी मिराबेल बाग, मग पूल ओलांडून गेट्राइडगासे, तिथे ९ नंबरचं पिवळं घर, मोझार्ट १७५६ मध्ये तिथे जन्मला. गर्दीत मागचा खिसा सांभाळा, त्यातही पासपोर्ट मागच्या खिशात नको, आतल्या चेनच्या कप्प्यात. होहेनसाल्झबर्गचा किल्ला दुपारनंतर करा. १०७७ मध्ये बांधायला घेतलेला आहे. आपल्याकडचे गड चढलेल्यांना ती चढण काहीच नाही, केबलची गाडी सोडा, पैसे वाचवा. वर वारा झोंबतो, जाकीट लागेलच.

परतीची शेवटची गाडी सकाळीच बघून ठेवा, तिच्या आधीचीच पकडा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं ते ध्यानात ठेवा. पॉवरबँक. रूमची एक जास्तीची किल्ली विश्वासातल्या कुणाकडे तरी. साल्झबर्गहून निघताना गाडीत बसायच्या आधी पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही हाताशी काढून ठेवा, फ्राइलासिंग दहा मिनिटांच्या आत येतं.