फिनलंडचे पाहुणे होमस्टेवर आले तर काय करायचं, काय नाही

ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, या सगळ्या जंगलांच्या काठाकाठाने आता होमस्टे वाढून राहिले आणि हिवाळ्यात बाहेरदेशी पाहुणे येतात त्यात कधीमधी फिनलंडचे पण असतात. आले की आपल्याकडचे लोक गोंधळतात, कारण हे पाहुणे बोलत नाहीत फारसे, जेवण आवडलं का नाही ते चेहऱ्यावरून कळत नाही, मग आपल्याला वाटतं नाराज आहेत, आणि आपण अजून मागे लागतो, अजून वाढतो, अजून विचारतो. तिथंच सगळं बिघडतं. या लोकांची सुट्टीची कल्पनाच वेगळी आहे, ती समजून घेतली तर यांच्याइतके सोपे पाहुणे दुसरे नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो. माणसं काही सगळी सारखी नसतात, पण बहुतेकांना हे लागू पडतं.

सगळ्यात आधी, गप्प बसणं. फिनलंडमध्ये दोन माणसं शेजारी बसून अर्धा तास बोलली नाहीत तरी कोणाला काही वाटत नाही. समोरचा बोलत असताना मधे तोंड घालणं त्यांच्याकडे वाईट दिसतं, त्याचं संपलं की थोडं थांबून मग दुसरा बोलतो. आपल्याकडे तर दोघंतिघं एकदमच बोलतात, त्यात तो बिचारा त्याची पाळी यायची वाट पाहत राहते. म्हणून काही विचारलं तर थांबा, उत्तर येतं. लग्न झालं का, पगार किती, पोरं किती, हे पहिल्या दिवशी विचारू नका. त्याऐवजी त्यांचं उन्हाळ्याचं घर कुठं आहे, तिथं तळं आहे का, हे विचारा, मग पाहा कसा माणूस खुलतो.

ते उन्हाळ्याचं घर म्हणजे म्योक्की, लाकडाची छोटी झोपडीच, बहुतेक तळ्याच्या नाहीतर समुद्राच्या काठी. अख्ख्या देशाची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि अशी घरं ५ लाखांच्या घरात. जुन्या म्योक्कीत कितीतरी ठिकाणी वीज नसते, नळ नसतो, संडास बाहेर असतो, आणि शहरातला चांगला नोकरीवाला माणूस जुलैच्या सुट्टीत मुद्दाम तिथं जाऊन लाकडं फोडतो, पाणी भरतो, चूल पेटवतो, मासे धरतो. हाच त्याचा आराम. आता हा माणूस तुमच्या अंगणात कुऱ्हाड आणि सरपण पाहून जवळ गेला तर 'अहो तुम्ही पाहुणे, बसा बसा' म्हणून हातातून कुऱ्हाड ओढून घेऊ नका. फोडू द्या त्याला. वावरात तूर कापणं चालू असेल, कापूस वेचणं चालू असेल, तर नेऊन पाहा, सोबत काम करू द्या. इर्जिकीसारखी पद्धत त्यांच्याकडेही आहे, सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं आणि घरवाल्याने जेवू घालायचं, त्याला ते तालकोत म्हणतात, त्यामुळे ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, हे तर कोणीच विसरू नका. फिनलंडचा ७० टक्क्यांहून जास्त भाग जंगल आहे आणि तळी म्हणाल तर १ लाख ८८ हजारांच्या जवळपास. तिथं कायद्यानेच सगळ्यांना हक्क आहे की जंगल कोणाच्याही मालकीचं असो, कोणीही त्यात पायी फिरावं, बेरी वेचावी, आळिंबी तोडावी, एखादी रात्र तंबू टाकून राहावं, फक्त कोणाच्या घराच्या अंगणात जायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही आणि मालकाला विचारल्याशिवाय जाळ करायचा नाही. लहानपणापासून त्यांना हीच सवय. अस्वलं तिथंही आहेत पण ती माणसापासून दूर पळतात. त्यामुळे फिनलंडचा पाहुणा पहाटे उठून, कोणाला न सांगता, एकटाच बफरच्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याच्या, रस्त्याने चालायला निघू शकतो, आणि त्यात आपण काही वेगळं केलं असं त्याला वाटणारच नाही. आपल्या इकडे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात, हे त्याला माहीत नसते.

म्हणून आल्याआल्या, चहाच्या आधी, त्याला सोबत घेऊन हद्द दाखवा. तोंडी 'जंगलात जाऊ नका' म्हणून भागत नाही, जंगल कुठून सुरू होते हेच त्याला कळत नाही कारण आपलं वावर संपलं की लगेच झुडूप. बोट दाखवून सांगा, या कडुनिंबापर्यंत एकटं, या नाल्याच्या पलीकडे गावातला माणूस सोबत, आणि अंधार पडल्यावर अंगणाच्या बाहेर नाहीच. कारणही सांगा. कारण सांगितलं की हे लोक नियम फार काटेकोर पाळतात, नुसतं नाही म्हटलं तर त्यांना ते पटत नाही.

पाण्याचंही तसंच. तळं दिसलं की पोहणं हे त्यांच्या अंगात आहे, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून त्यात उतरणारे लोक आहेत ते, आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी त्यांना गरमच वाटेल. पण ताडोबाच्या तलावात मगरी आहेत, गावच्या तलावात गाळ किती, खोल किती हे गावच्याच माणसाला माहीत. पोहायचंच असेल तर पायऱ्यांची, आत झाडझुडूप नसलेली विहीर पाहून ठेवा, आणि पोहणारा एक गडी वर बसवा.

मार्चमध्ये कोणी आलं तर मोहफुलांना अवश्य न्या, पण गावालगतच्या स्वतःच्या वावरातल्या झाडाखाली, चांगलं उजाडल्यावर, चारपाच जणांनी मिळून. त्यांच्याकडे उन्हाळ्याच्या शेवटी असंच अख्खं कुटुंब बादल्या घेऊन बेरी वेचायला निघते, फणीसारखे दात असलेलं एक हत्यार असते, त्याने झुडूप विंचरत जायचं की बेरी डब्यात पडते, आणि अशी रानबेरी वेचून विकली तर त्या पैशावर टॅक्स पण नाही. वाकून वाकून टोपली भरण्यातली मजा त्यांना शिकवावी लागत नाही. तासभर वेचतील, एक शब्द बोलणार नाहीत, आणि खूश होऊन परत येतील.

उन्हाचं बोलतो. ५५ लाख लोकांच्या देशात ३० लाखांच्या आसपास सौना आहेत, म्हणजे गरम खोली, दगड तापवायचे, त्यावर पाणी टाकून वाफ काढायची, उघड्या अंगाने बसायचं आणि बर्च झाडाच्या कोवळ्या फांद्यांची जुडी अंगावर मारून घ्यायची. जुन्या काळी बाळंतपणं सौनात व्हायची, मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ पण तिथंच. २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. आत ८०-९० डिग्री असते, त्यामुळे पाहुणा म्हणेल की तुमचे ४५ मला काय करतात. तर तसं नाही हे त्याला नीट सांगा. सौनात दहापंधरा मिनिटं बसून माणूस बाहेर येतो, थंड पाण्यात जातो, आपलं ऊन मात्र सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत सोडत नाही. एप्रिल-मे मध्ये बारा ते चार घरात, डोक्याला दुपट्टा, हातात मठ्ठा नाहीतर आंब्याचं पन्हं. हिवाळ्यातही ते उन्हात खाट टाकून बसतील, तेव्हा मात्र सावलीत या म्हणून मागे लागू नका, डिसेंबरमध्ये हेलसिंकीला दिवस सहा तासांच्या आत संपतो आणि पार वरच्या टोकाला तर कित्येक आठवडे सूर्यच उगवत नाही, तो माणूस ऊन खायलाच आलेला आहे. संध्याकाळी बंब पेटवून कडक पाणी द्या, बाजूला विहिरीच्या थंड पाण्याच्या दोन बादल्या ठेवा, आणि आंघोळीनंतर ओसरीत नुसतं बसू द्या.

कॉफीत हयगय चालत नाही. जगात सगळ्यात जास्त कॉफी पिणाऱ्यांत हे लोक येतात, आणि ती काळी, पातळ, मगभर, दिवसातून चारपाच वेळा. दुधातली साखरेची झटपट कॉफी देऊ नका. चिकोरी नसलेली जाडसर दळलेली कॉफी आणून ठेवा, आपल्या चिखलदऱ्याची मिळाली तर उत्तमच, पातेल्यात पाणी गरम करून कॉफी टाका, एक उकळी येऊ द्या, उतरवून पाच मिनिटं झाकून ठेवा म्हणजे गाळ खाली बसतो, मग वरची अलगद ओता. त्यांच्या खेड्यातली जुनी पद्धत हीच आहे.

जेवणाची वेळ सांभाळा. दुपारचं ते अकरा-बारालाच जेवतात आणि संध्याकाळचं पाच-सहाला, आपले नऊ त्यांना फार उशीर होतो. सावजी, म्हणजे आपलं झणझणीत तिखट जेवण, पहिल्या दिवशी नको. ज्वारीची भाकर बिनधास्त द्या, राय नावाच्या धान्याची (आपली मोहरी-राई नव्हे) काळी आंबट भाकर हे त्यांचं रोजचं अन्न आहे, २०१७ ला देशाला १०० वर्षं झाली तेव्हा लोकांनी मतं देऊन तिलाच राष्ट्रीय पदार्थ ठरवलं. आणि पैसे कमी खर्च करून मोठी मौज द्यायची असेल तर वावरात गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याचं भरीत करा, नाहीतर हुरडा. जाळाभोवती बसून भाजून खाणं याच्यासारखं सुख त्यांना दुसरं नाही. ते तुम्हाला काळ्या गोळ्या देतील, खारट, त्यात नवसागर असतो, तोच कल्हईवाल्यांचा, चव पहिल्यांदा जबर लागते, पण आवडीची वस्तू म्हणून देतात तर एक तरी घ्या. अजून एक, जंगलावरून आलं की बियर लागते बऱ्याच जणांना, वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे हे बुकिंगच्या वेळीच सांगून द्या.

मंगळवारी ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला गाभ्याचा भाग, बंद असतो, त्या दिवशी पाहुण्यांचं काय करायचं हा प्रश्न असतोच, त्याला माझा उपाय म्योल्क्यू. हा फिनलंडचा अंगणातला खेळ, १९९६ पासून लाहती शहरातून विकायला आला आणि आता तिथं म्योक्कीवर दिसतोच दिसतो. विकत घ्यायची गरज नाही. आरा मशीनवरून गोल फांदीचे तुकडे आणा, मुठीत नीट बसतील असे, ६ सेंटीमीटर जाड, १५ सेंटीमीटर उंच, असे १२. वरचं तोंड तिरपं कापून घ्या आणि त्यावर १ ते १२ आकडे टाका. फेकायला तेवढ्याच जाडीचा पण २२ सेंटीमीटरचा एक दांडा. मांडायचं असं, समोर १ आणि २, त्यामागे ३, १०, ४, त्यामागे ५, ११, १२, ६, आणि शेवटी ७, ९, ८, सगळे एकमेकांना चिकटून. साडेतीन मीटरवरून खालून हात आणून दांडा फेकायचा. एकच पडला तर त्यावरचा आकडा तुमचा, जास्त पडले तर जितके पडले तितकेच गुण. पडलेला तुकडा जिथं पडला तिथंच उभा करायचा, त्यामुळे खेळ पसरत जातो आणि नेम अवघड होत जातो. बरोबर ५० झाले की जिंकलं, वर गेले तर परत २५ वर, आणि लागोपाठ तीनदा काहीच पडलं नाही तर बाद. लगोरी खेळलेली आपली पोरं दहा मिनिटांत शिकतात. भाषा लागत नाही, आजोबापासून नातवापर्यंत सगळे खेळतात, आणि न बोलणारा पाहुणा १२ नंबर पाडला की ओरडतो.

रात्रीसाठी, दिवाळीनंतर आला असेल आणि तुम्ही चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडचे असाल तर झाडीपट्टीचं नाटक दाखवाच. फिनलंडमध्ये गावोगावी उन्हाळी नाटकं होतात, उघड्यावर, गावचेच हौशी लोक काम करतात, ताम्पेरे शहराच्या प्युनिक्की भागात तर १९५९ पासून असं नाट्यगृह आहे की प्रेक्षकांची अख्खी बैठकच फिरते. त्यामुळे मंडप, पडदा, पेटी-तबला, गर्दी, हे त्यांना परकं वाटत नाही, शब्द कळले नाहीत तरी बसून राहतात. थोडक्यात कथा आधी सांगून ठेवा. फक्त नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते, म्हणून गाडी तुमची स्वतःची ठेवा, मधेच उठून येता यावं, खुर्ची कडेची पकडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळची सफारी बुक असेल त्या रात्री नाटक ठेवू नका.